गंभीर इजेनंतर रक्ताच्या गुठळीचा धोका कसा जोखावा

गंभीर जखमी रुग्ण रुग्णालयात येतो तेव्हा सगळ्यांचे लक्ष रक्तस्राव थांबवण्याकडे असते आणि ते योग्यच आहे. पण रक्तस्राव आटोक्यात आला की त्याच शरीरात उलट दिशेचा धोका वाढू लागतो. पायांच्या किंवा कटिभागाच्या खोल शिरांमध्ये रक्त गोठते, त्या गुठळीचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो आणि सुधारत चाललेला रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. टोरोंटोतील विल्यम गीर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रतिबंधक उपचार न मिळालेल्या जखमी रुग्णांच्या पायांच्या शिरांची रंगद्रव्य सोडून क्ष-किरण तपासणी केली होती. ज्या ३४९ रुग्णांची तपासणी पूर्ण होऊ शकली, त्यांपैकी २०१ जणांच्या, म्हणजे ५८ टक्के रुग्णांच्या, खोल शिरांत गुठळी सापडली आणि ६३ जणांमध्ये ती गुडघ्याच्या वरच्या, अधिक धोकादायक भागात होती. तपासणीपूर्वी लक्षणांवरून गुठळीची शंका येण्यासारखे रुग्ण मात्र केवळ तीन होते. लक्षणे दिसेपर्यंत थांबणे हा मार्ग का चालत नाही, हे या एका आकड्यातून कळते.

हे मार्गदर्शन अपघात विभागात, अतिदक्षता विभागात आणि अस्थिरोग विभागात काम करणारे निवासी डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनाही त्यातून कोणती माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची हे समजेल, मात्र औषध सुरू करण्याचा किंवा थांबवण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोठ्या इजेच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला प्रतिबंधक उपचार लागतातच, त्यामुळे ते कोणाला द्यावेत आणि कोणाला देऊ नयेत एवढेच ठरवण्यासाठी धोका मोजायचा नसतो. औषध किती लवकर सुरू करायचे, कोणत्या मात्रेत द्यायचे, किती आठवडे चालू ठेवायचे आणि कोणाच्या शिरांची सोनोग्राफी लक्षणांशिवायही करायची, हे ठरवण्यासाठी तो मोजायचा असतो. ही उत्तरे रुग्णाच्या बदलत्या स्थितीनुसार बदलतात, म्हणून दाखल होताना एकदा भरलेला आणि नंतर कधीही न उघडलेला तक्ता म्हणजे जोखमीचे मूल्यमापन नव्हे.

गुठळी का होते

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्को यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही विचाराचा पाया आहेत: रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. गंभीर इजेत ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो, पोटरीचे स्नायू हालत नाहीत आणि पायातील रक्त वर ढकलले जात नाही. हाड मोडताना शेजारच्या शिरा ताणल्या किंवा चिरडल्या जातात. फुटलेल्या ऊतींमधून रक्त गोठवणारे घटक रक्तात मिसळतात, तर तीव्र दाहामुळे यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागते.

यात काळाचा एक क्रम असतो. पहिल्या काही तासांत, विशेषतः शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडलेल्या अवस्थेत) असलेल्या रुग्णाचे, रक्त नीट गोठत नाही. त्यानंतर चित्र पालटते आणि अनेकदा एक-दोन दिवसांतच रक्त गरजेपेक्षा अधिक गोठू लागते. शिवाय काही रुग्णांत तयार झालेल्या गुठळ्या विरघळवण्याची शरीराची नैसर्गिक यंत्रणा इजेनंतर जवळपास बंद पडते. त्यामुळे 'सकाळपर्यंत रक्तस्राव होत होता, म्हणजे गुठळीची भीती नाही' हा तर्क चुकीचा आहे. फुफ्फुसातील सर्वच गुठळ्या पायातून येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. इजेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फुफ्फुसात गुठळी सापडते, पण पायाच्या शिरा मोकळ्या असतात, अशी उदाहरणे आढळतात. छातीला मार लागलेल्या रुग्णांत ही गुठळी फुफ्फुसातच तयार झाली असण्याची शक्यता मानली जाते.

माहिती कशी गोळा करावी

आवश्यक माहितीचे तीन भाग पडतात: रुग्ण इजेपूर्वी कसा होता, इजा कोणती झाली आणि उपचार म्हणून त्याच्यावर काय केले गेले. दुसरा आणि तिसरा भाग कागदपत्रांत सापडतो. पहिला भाग बहुतेक वेळा विचारलाच जात नाही, आणि खरी उणीव तिथेच राहते.

पूर्वी गुठळी झाली होती का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, पण तो वैद्यकीय शब्दांत विचारला तर उत्तर नकारार्थीच येते. पूर्वी कधी एकच पाय अचानक सुजून दुखला होता का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा पोटावर घ्यायची इंजेक्शने काही महिने चालू होती का, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला कमी वयात असा त्रास झाला होता का, असे साध्या भाषेत विचारावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर नातेवाइकांना विचारावे, आणि ते पहिल्या रात्री धक्क्यात असतात म्हणून दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. कर्करोग किंवा त्यावर चालू असलेले उपचार, गर्भावस्था, नुकतेच झालेले बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा इतर इस्ट्रोजेनयुक्त औषधे, या सर्वांची स्वतंत्र नोंद करावी. वजन आणि उंची अंदाजाने लिहू नयेत. लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका आहेच, शिवाय औषधाची मात्राही वजनावर अवलंबून असते, त्यामुळे इथली चूक दोनदा भोवते.

वयाबाबत एक अपवाद ध्यानात घ्यावा. प्रौढांत वयाबरोबर धोका सतत वाढत जातो, परंतु लहान मुलांत तो मुळातच बराच कमी असतो आणि पौगंडावस्थेपासून प्रौढांच्या दिशेने चढू लागतो. प्रौढांसाठी बनवलेला तक्ता सात वर्षांच्या मुलासाठी वापरू नये.

इजांमध्ये मज्जारज्जूची इजा सर्वांत वरच्या स्थानी ठेवावी. वर उल्लेखलेल्या अभ्यासात वाढते वय, रक्त चढवणे, शस्त्रक्रिया, मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचे फ्रॅक्चर आणि मज्जारज्जूची इजा हे पाच स्वतंत्र घटक ठरले होते. त्यांत मज्जारज्जूच्या इजेमुळे गुठळीची शक्यता, ऑड्सच्या (होण्या-न होण्याच्या गुणोत्तराच्या) हिशेबाने, साडेआठ पटींहून अधिक वाढली होती, तर मांडी-नडगीच्या फ्रॅक्चरमुळे जवळपास पाच पट. कटिभागाच्या हाडांचे फ्रॅक्चर, मेंदूची गंभीर इजा, मोठ्या शिरेला झालेली प्रत्यक्ष इजा आणि दाखल होतानाचा शॉक हेही नंतरच्या मोठ्या पाहण्यांत ठळकपणे पुढे आले आहेत.

तिसऱ्या भागात आपण स्वतः निर्माण केलेले धोके येतात: दीर्घ शस्त्रक्रिया, कृत्रिम श्वसन, जांघेतील शिरेत टाकलेली नळी, शिवलेली किंवा बांधलेली मोठी शीर. हे घटक रुग्ण दाखल होताना अस्तित्वातच नसतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या तक्त्यात ते दिसणार नाहीत. हाताच्या किंवा मानेच्या शिरेत नळी असेल तर त्या बाजूचा हात सुजतो का, हेही रोज पाहावे. गुठळी पायातच होते असे नाही.

गुणपद्धती निवडणे आणि वापरणे

इजेच्या रुग्णांसाठी दोन पद्धती विशेष परिचित आहेत. पहिली १९९७ साली ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेली रिस्क असेसमेंट प्रोफाइल, संक्षेपाने रॅप. तिच्यात लठ्ठपणा, कर्करोग आणि रक्त गोठण्यातील बिघाड यांना प्रत्येकी २ गुण, तर पूर्वी झालेल्या गुठळीला ३ गुण आहेत. जांघेतील मोठ्या शिरेतील नळी, चारपेक्षा अधिक पिशव्या रक्त आणि दोन तासांहून अधिक चाललेली शस्त्रक्रिया यांना प्रत्येकी २ गुण, मोठ्या शिरेच्या दुरुस्तीला ३. छाती, पोट किंवा डोके यांच्या इजेची तीव्रता एआयएस मोजपट्टीवर (शरीराच्या एकेका भागाच्या इजेला १ ते ६ आकडा देणाऱ्या) दोनपेक्षा अधिक असेल तर प्रत्येक भागासाठी २ गुण. मणक्याच्या फ्रॅक्चरला ३ आणि चार तासांहून अधिक टिकलेल्या खोल बेशुद्धीलाही ३. पायाचे गुंतागुंतीचे फ्रॅक्चर, कटिभागाचे फ्रॅक्चर आणि दोन्ही पाय किंवा चारही हातपाय लुळे करणारी मज्जारज्जूची इजा यांना प्रत्येकी ४ गुण. वय ४० ते ६० असल्यास २, त्यापुढे ७५ पर्यंत ३ आणि त्याहून अधिक असल्यास ४. एकूण ५ किंवा अधिक गुण म्हणजे उच्च धोका.

दुसरी पद्धत म्हणजे २०१२ साली प्रसिद्ध झालेली ट्रॉमा एम्बोलिक स्कोअरिंग सिस्टीम, अर्थात टेस. तिच्यात पाचच घटक आहेत. वय ३० ते ६४ असल्यास १ आणि ६५ किंवा अधिक असल्यास २, इजेच्या एकत्रित तीव्रतेचा आयएसएस आकडा १० ते २५ असल्यास ३ आणि त्याहून अधिक असल्यास ५, लठ्ठपणासाठी १, कृत्रिम श्वसनासाठी ४, पायाच्या फ्रॅक्चरसाठी २. कमाल बेरीज १४ होते आणि ६ पेक्षा अधिक गुणांना उच्च धोका समजतात. आयएसएस काढताना शरीराच्या सर्वाधिक जखमी तीन भागांच्या एआयएस आकड्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज घेतात.

शस्त्रक्रिया विभागांत रूढ असलेली कॅप्रिनी पद्धत इथे जपून वापरावी. तिच्यात बहुविध इजेला, मांडी-कटी-पायाच्या फ्रॅक्चरला आणि मज्जारज्जूच्या ताज्या इजेला प्रत्येकी ५ गुण मिळतात आणि ५ गुणांनाच उच्च धोका सुरू होतो. परिणामी गंभीर जखमी रुग्ण जवळपास सगळेच एका गटात जाऊन बसतात आणि त्यांच्यातील फरक दिसेनासा होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊन दोन्ही पद्धती चालवून पाहू. रुग्ण ५२ वर्षांचा पुरुष आहे. मांडीच्या हाडाचे अनेक तुकडे झाले आहेत, एआयएस ३. बरगड्या मोडून फुफ्फुसाला मार बसला आहे, तिथेही एआयएस ३. इतर भागांत मोजण्याजोगी इजा नाही, त्यामुळे आयएसएस नऊ अधिक नऊ, अर्थात १८. लठ्ठपणा नाही आणि तो स्वतः श्वास घेत आहे. दाखल होताना टेसनुसार वयाचा १, आयएसएसचे ३ आणि पायाच्या फ्रॅक्चरचे २ मिळून ६ गुण होतात, म्हणजे उच्च धोक्याच्या उंबरठ्याच्या अलीकडे. रॅपनुसार मात्र वयाचे २, छातीचे २ आणि पायाचे ४ मिळून ८ होतात, म्हणजे स्पष्टपणे उच्च धोका. त्याच रात्री अडीच तासांची शस्त्रक्रिया झाली, पाच पिशव्या रक्त लागले, रुग्ण व्हेंटिलेटरवर राहिला आणि जांघेतील शिरेत नळी टाकावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस १० वर आणि रॅप १४ वर पोहोचलेला असतो. रुग्ण तोच आणि इजाही तीच, पण जर पहिल्या संध्याकाळचा ६ हाच आकडा कागदावर राहिला, तर पुढचे सगळे निर्णय शिळ्या माहितीवर होतील.

दोन पद्धतींची उत्तरे वेगळी आली तर कोणती मानावी? माझ्या मते विभागाने एकच पद्धत निवडून ती सर्वांनी सारख्या रीतीने वापरावी आणि शंका असेल तिथे सावध बाजूला झुकावे. सोयीचे उत्तर मिळेपर्यंत पद्धती बदलत राहणे सर्वांत घातक. त्याचप्रमाणे तक्त्यात नसलेला ठळक घटक डोळ्याआड करू नये. पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णाला टेसमध्ये त्यासाठी एकही गुण मिळत नाही, म्हणून त्याचा धोका कमी होत नाही.

पुनर्मूल्यांकन दाखल होताना, २४ तासांनी, ७२ तासांनी आणि त्यानंतर प्रत्येक मोठ्या बदलाच्या वेळी करावे, असा क्रम व्यवहार्य ठरतो. मोठा बदल म्हणजे नवी शस्त्रक्रिया, पुन्हा रक्तस्राव, व्हेंटिलेटर लागणे किंवा सुटणे, नवी नळी, जंतुसंसर्ग, औषध थांबवावे लागणे. प्रत्येक वेळी आकड्यासोबत तारीख आणि वेळ लिहावी.

उच्च धोका या शब्दाचा खरा अर्थ

समजा, १,००० जखमी रुग्णांपैकी २० जणांना गुठळी होणार आहे आणि आपली पद्धत त्या २० पैकी १६ जणांना ओळखते, तर गुठळी न होणाऱ्या ९८० पैकी ८० टक्के रुग्णांना ती बरोबर वगळते. तरीही वगळायचे राहिलेले १९६ रुग्ण उच्च धोक्याच्या गटात येतील. म्हणजे त्या गटातील २१२ जणांपैकी प्रत्यक्ष गुठळी १६ जणांनाच होईल आणि उरलेले ४ रुग्ण कमी धोक्याच्या गटात असतील. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यांतून निघणारे दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. उच्च धोका म्हणजे गुठळी होणारच असे नव्हे, आणि कमी धोका म्हणजे पायाच्या सुजेकडे दुर्लक्ष करण्याची मुभा नव्हे. नातेवाइकांशी बोलतानाही हा फरक सांगावा. नुसता 'धोका जास्त आहे' हा शब्दप्रयोग त्यांना अकारण घाबरवतो.

रक्तस्रावाचा धोका शेजारी मांडणे

गुठळीचा आकडा एकटा वाचता येत नाही. प्रत्येक मूल्यांकनात त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न लिहावा: आज रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध दिले तर रक्तस्राव कुठे होऊ शकेल? मेंदूतील रक्तस्राव, यकृत किंवा प्लीहा यांची शस्त्रक्रियेविना सांभाळलेली इजा, मणक्याची नियोजित शस्त्रक्रिया, कमी प्लेटलेट, पाठीच्या कण्याजवळ वेदनाशमनासाठी ठेवलेली नळी, या गोष्टी तपासाव्यात. मेंदूच्या इजेत पुन्हा केलेल्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव वाढलेला नसेल, तर कमी धोक्याच्या रुग्णांत साधारण २४ तासांनंतर आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांत ७२ तासांच्या सुमारास औषध सुरू करण्याचा विचार मेंदू शल्यचिकित्सकांशी बोलून केला जातो. यकृत-प्लीहेच्या स्थिर इजेत ४८ तासांच्या आत सुरुवात करणे बहुतेकांना स्वीकारार्ह वाटते.

इथे सर्वाधिक नुकसान 'उद्या पाहू' या शब्दांनी होते. औषध सुरू करण्यास चार दिवसांहून अधिक उशीर झालेल्या रुग्णांत गुठळीचा धोका सुमारे तिपटीने जास्त आढळला आहे. म्हणून औषध आज देता येत नसेल तर कारण, ते कोणी ठरवले आणि पुन्हा कधी ठरवायचे, या तिन्ही गोष्टी लिहून ठेवाव्यात. तोपर्यंत पायांवर हवेच्या दाबाने काम करणारी यंत्रे लावावीत, परंतु ती प्रत्यक्ष चालू आहेत का हे पलंगाजवळ जाऊन पाहावे. अनेकदा ती पायाला बांधलेली असतात आणि बंद असतात.

औषधाच्या निवडीबाबतही काही ठाम आधार उपलब्ध आहे. गीर्ट्स यांच्याच १९९६ सालच्या चाचणीत दिवसातून दोनदा साधे हेपरिन (रक्त गोठण्यास अटकाव करणारे इंजेक्शन) घेणाऱ्या गटात ४४ टक्के, तर एनॉक्सापारिन (हेपरिनचाच एक प्रकार) ३० मिलिग्रॅम दोनदा घेणाऱ्या गटात ३१ टक्के रुग्णांना गुठळी झाली. गुडघ्यावरच्या गुठळ्यांचे प्रमाण अनुक्रमे १५ आणि ६ टक्के होते. हाडांच्या फ्रॅक्चरच्या १२,२११ रुग्णांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांचा मृत्युदर एनॉक्सापारिनच्या तुलनेत वाईट नव्हता आणि फुफ्फुसातील गुठळ्या दोन्ही गटांत १.४९ टक्केच होत्या, मात्र पायातील गुठळ्या २.५१ विरुद्ध १.७१ टक्के, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या गटात थोड्या अधिक होत्या. मज्जारज्जूची इजा असलेल्या किंवा अनेक अवयवांच्या इजांमुळे अतिदक्षता विभागात असलेल्या रुग्णाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये. मूत्रपिंडाचे कार्य बरेच घटले असेल तर एनॉक्सापारिन शरीरात साठते, म्हणून तेथे साध्या हेपरिनचा विचार करतात.

तपासण्यांचा उपयोग आणि मर्यादा

डी-डायमर ही गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी तपासणी जखमी रुग्णात फारशी उपयोगी पडत नाही, कारण इजा, शस्त्रक्रिया आणि जखम भरून येण्याची प्रक्रिया या सर्वांनी ती वाढतेच. लक्षणांवरून गुठळीची शक्यता सांगणारे वेल्स गुणही इथे डळमळतात: प्लास्टर, अंथरुणावर पडून राहणे, नुकती झालेली शस्त्रक्रिया आणि वेदनेमुळे वाढलेली नाडी यांमुळे बहुतेक रुग्णांना गुण मिळून जातात. थ्रॉम्बोइलास्टोग्राफीत (रक्त कसे गोठते हे आलेखावर दाखवणाऱ्या तपासणीत) गुठळीचा कमाल मजबूतपणा दाखवणारा आकडा ६५ मिलिमीटरच्या वर असणाऱ्या रुग्णांत फुफ्फुसातील गुठळ्या अधिक आढळल्या आहेत. ही तपासणी उपलब्ध असेल तर ती पूरक पुरावा म्हणून वापरावी, गुणपद्धतीची जागा तिला देऊ नये.

एनॉक्सापारिन चालू असलेल्या तरुण, वजनदार किंवा मूत्रपिंडे वेगाने काम करणाऱ्या रुग्णात ठरावीक मात्रा अनेकदा अपुरी पडते. रक्तातील औषधाचा परिणाम दाखवणारी अँटी-टेन-ए पातळी मोजून ते कळू शकते आणि कित्येक विभाग वजनानुसार, प्रति किलो ०.५ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, अशी मात्रा ठरवतात. हेपरिन सुरू झाल्यावर पाच ते दहा दिवसांत प्लेटलेटची संख्या निम्म्यावर आली, तर तो हेपरिनमुळे होणारा विकार असू शकतो. त्यात प्लेटलेट कमी असूनही गुठळ्या वाढतात, त्यामुळे हा बदल दिसताच वरिष्ठांना कळवावे.

लक्षणे नसताना शिरांची सोनोग्राफी करावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझा कल असा आहे की सर्वांची करण्यापेक्षा उच्च धोका असलेल्या आणि औषध देणे शक्य नसलेल्या रुग्णांची ठरावीक अंतराने करावी. तिची एक मर्यादा मात्र कायम ध्यानात असावी: कटिभागातील खोल शिरा सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. गुठळी फुफ्फुसाकडे जाण्यापूर्वी अडवण्यासाठी खालच्या महाशिरेत जाळी बसवणे हा सरसकट उपाय नाही. २४० गंभीर जखमी रुग्णांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सुरुवातीलाच जाळी बसवल्याने लक्षणे देणारी फुफ्फुसातील गुठळी किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९० दिवसांत घटले नाही.

रोजच्या फेरीत दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने एकाच उंचीवर, गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली, मोजावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक, अचानक लागलेली धाप, ऑक्सिजनची घसरलेली पातळी, दुसऱ्या कारणाने न उलगडणारी जलद नाडी, श्वास घेताना छातीत टोचल्यासारखे दुखणे, यांपैकी काहीही दिसल्यास गुणांची बेरीज करत बसू नये. अशा वेळी निदानाची तपासणी लगेच करायची असते, कारण धोक्याचा अंदाज बांधण्याची वेळ मागे पडलेली असते.

फक्त पायाला प्लास्टर असलेला रुग्ण

घरी जाणाऱ्या, पायाला प्लास्टर घातलेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा सर्वांना हेपरिनची इंजेक्शने देऊनही लक्षणे देणाऱ्या गुठळ्यांचे प्रमाण अर्थपूर्ण रीतीने घटले नाही: १.४ टक्के विरुद्ध १.८ टक्के. त्यामुळे इथे निवड महत्त्वाची ठरते. ट्रिप-कास्ट ही गुणपद्धती इजेचा प्रकार, प्लास्टरचा प्रकार आणि रुग्णाचे स्वतःचे घटक यांची बेरीज करते. सातपेक्षा कमी गुण असलेल्यांना औषध न देताही तीन महिन्यांत गुठळीचे प्रमाण एक टक्क्याहून कमी राहिल्याचे दिसले आहे.

आपल्या विभागात पद्धत तपासून पाहणे

दुसरीकडे तयार झालेली पद्धत आपल्या रुग्णांवर किती बरोबर चालते, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. प्रथम गुठळीची व्याख्या पक्की करावी: लक्षणांसह सापडलेली की नियमित तपासणीत सापडलेली, गुडघ्यावरची की पोटरीतली, किती दिवसांपर्यंतची. अधिक सोनोग्राफी करणाऱ्या विभागात गुठळ्या अधिक सापडतात, म्हणून दोन विभागांचे नुसते आकडे शेजारी ठेवून कोणाचे काम चांगले हे ठरवता येत नाही.

त्यानंतर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात. गुठळी झालेल्या रुग्णाला न झालेल्यापेक्षा अधिक गुण मिळतात का, हा पहिला प्रश्न. तो एयूसी या आकड्याने मोजतात आणि ०.५ म्हणजे निव्वळ नाणेफेक. पद्धतीने सांगितलेला धोका प्रत्यक्षाशी जुळतो का, हा दुसरा. पाच टक्के धोका सांगितलेल्या शंभर जणांत खरोखर पाचच्या आसपास गुठळ्या झाल्या पाहिजेत. पहिली कसोटी उत्तीर्ण होणारी पद्धत दुसरीत सपशेल नापास होऊ शकते आणि औषधाचा निर्णय मुख्यतः दुसरीवर अवलंबून असतो.

संगणकाच्या मदतीने नवे प्रारूप बनवणाऱ्यांनी एका सापळ्यापासून विशेष सावध राहावे. 'तीन दिवसांहून अधिक व्हेंटिलेटर' हा घटक जुन्या नोंदींत गुठळीशी घट्ट जोडलेला दिसतो, पण तो चौथ्या दिवशीच कळतो. पहिल्या दिवशी अंदाज सांगायचा असलेल्या प्रारूपात तो वापरला तर कागदावरची अचूकता वाढते आणि रुग्णाजवळ ते प्रारूप निरुपयोगी ठरते. प्रत्येक घटकापुढे तो कोणत्या तासाला माहीत होतो, हे लिहावे आणि अंदाजाच्या वेळेनंतरचे सर्व घटक काढून टाकावेत. दुसरी अडचण उपचारांचीच आहे: ज्यांचा धोका जास्त वाटला त्यांना औषध लवकर मिळाले, त्यामुळे त्यांच्यात गुठळ्या कमी दिसतात आणि प्रारूप त्यांना सुरक्षित समजू लागते. औषध कधी सुरू झाले, किती मात्रा चुकल्या आणि का चुकल्या, ही माहिती नोंदींत नसेल तर हा दोष नंतर दुरुस्त करता येत नाही.

घरी सोडताना

धोका रुग्णालयाच्या दारापाशी संपत नाही. मज्जारज्जूच्या इजेत पहिले तीन महिने सर्वाधिक काळजीचे असतात, आणि कटिभाग किंवा मांडीच्या फ्रॅक्चरनंतर रुग्ण चालू लागेपर्यंत अनेक आठवडे जातात. म्हणून सुटीच्या दिवशी शेवटचे मूल्यांकन करावे आणि सुटीच्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: औषधाचे नाव व मात्रा, ते बंद करण्याची तारीख, पुढील तपासणी कोणाकडे, आणि पाय सुजल्यास, धाप लागल्यास किंवा कुठूनही रक्तस्राव झाल्यास कुठे जायचे. इंजेक्शन घरी कोण देणार हे त्याच वेळी विचारावे, ज्या व्यक्तीचे नाव सांगितले जाईल तिला वॉर्डमध्ये बोलावून एक मात्रा तिच्या हातून देऊन घ्यावी आणि मगच कागदावर सही करावी.